दमा, कुटार आणि कूलरची ताटी

बार्सिलोना म्हटलं की आपल्या पोरांना मेस्सी आठवतो. दम्याच्या डॉक्टरांना सोयाबीन आठवतं!

झालं असं, की १९८१ पासून या स्पॅनिश शहरात मधूनच एखादा दिवस असा उगवायचा की दवाखान्यांत धाप लागलेल्यांची झुंबड उडायची. मग पुन्हा सगळं शांत. १९८७ पर्यंत अशा २६ लाटा येऊन गेल्या. शेवटी संशोधकांनी दवाखान्यांच्या नोंदी आणि बंदरातल्या जहाजांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा चोर सापडला. ज्या दिवशी शहराला धाप लागायची, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरत असायचं. धान्याच्या एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते आणि सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्यासोबत वस्तीत शिरत होती. फिल्टर बसवले आणि लाटा थांबल्या.

आता दसऱ्यानंतरचा चंद्रपूर जिल्ह्यातला आपला वरोरा तालुका डोळ्यांपुढे आणा. टेमुर्डा, माढेळी, शेगाव, कुठंही जा, वावरात थ्रेशर धडधडतोय. एका तोंडातून पिवळे दाणे पोत्यात पडतायत, दुसऱ्या तोंडातून कुटार उडतंय. कुटाराच्या ढिगाजवळचा गडी संध्याकाळपर्यंत पापण्यांसकट राखाडी होतो. बार्सिलोनाच्या लोकांना ही धूळ वाऱ्यानं घरपोच मिळाली. आपण तिच्यात दिवसभर उभं राहतो आणि उरलेली गोठ्यात भरून ठेवतो. ढोरांना टाकायला रोज कुटार उपसणारी आजी दिवाळीनंतर का खोकते, याचं एक उत्तर तिथं असू शकतं. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. दमेकऱ्यानं थ्रेशरवर उभं राहूच नये. राहावंच लागलं तर वाऱ्याकडे पाठ आणि नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क.

कापसाचीही अशीच एक गंमत आहे. सूतगिरण्यांतल्या धुळीनं होणारा छातीचा एक आजार आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त आवळतो. इंग्लंडच्या गिरण्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणत. तो म्हणजे दमा नव्हे, पण चुलतभाऊ नक्कीच. जिनिंगवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आत घेणं सोपं, सोडणं अवघड

दम्यात श्वास आत जात नाही, असं आपण म्हणतो. खरी पंचाईत बाहेर सोडताना होते. श्वासनळ्यांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि आत गेलेली हवा अडकून बसते. छातीतली ती शिट्टी म्हणजे अरुंद वाटेनं बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज. आणि हे सगळं जास्त करून होतं पहाटे तीन-चारच्या सुमाराला, जेव्हा शरीराच्या घड्याळाप्रमाणे श्वासनळ्या तशाही सर्वांत आकसलेल्या असतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, 'रात्री झोपमोड होते का?' रात्रीची झोप नीट लागते, म्हणजे दमा बऱ्यापैकी मुठीत आहे.

लहानपणी हा आजार मुलग्यांना जास्त, मोठेपणी बायकांना जास्त. बारा-पंधरा वर्षांच्या पोराचा दमा गेला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी जरा थांबावं. पुष्कळदा तो नुसता झोपलेला असतो.

पूर्वेचा वारा

चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला 'तमक श्वास' वाचला तर आपल्याच शेजाऱ्याचं वर्णन वाटतं. आडवं पडलं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, कफ सुटला की घटकाभर आराम पडतो. आणि वाढतो कशानं? ढगाळ हवेनं, थंडीनं, पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यानं.

पूर्वेचा वारा म्हटल्यावर मुंबईकर बुचकळ्यात पडेल, कारण त्याचा पाऊस अरबी समुद्रातून येतो. आपल्याला मात्र लगेच पटतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन दिवसांत इकडे आभाळ भरून येतं, हवा ओली-गार होते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची ढास सुरू होते. चरकाला वरोऱ्याचा हवामान अंदाज कुणी दिला होता, कोण जाणे.

वादळी पावसाचा जगातला सर्वांत भयंकर किस्सा मात्र ऑस्ट्रेलियातला. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं, हवेतले गवताचे परागकण फुटून त्यांचा बारीक भुगा झाला आणि हजारो लोकांना एकदम दम लागला. दहा जण गेले. ज्यांना आधी कधी दमा नव्हता, असेही पुष्कळ होते.

आगरकर, धोतरा आणि कॉफी

'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकरांना दम्यानं जन्मभर छळलं. अकोल्यातून मॅट्रिक झालेला हा माणूस १८९२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य झाला आणि १७ जून १८९५ रोजी चाळिशीही न पाहता गेला. आज तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारा दम्याचा पंप त्यांच्यानंतर ६१ वर्षांनी जन्मला.

मग त्या काळी जगातल्या डॉक्टरांच्या हातात होतं काय? एक म्हणजे धोतरा! होय, महादेवाला वाहतात तोच. वाळवलेला धोतरा चिलमीत ओढण्याची युक्ती १८०२ च्या सुमाराला मद्रासहून विलायतेला पोचली आणि बघता बघता युरोपात दम्याच्या सिगारेटी विकायला लागल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त भिंतींना बूच लावलेल्या खोलीत असल्याच पुडींचा धूर करून बसायचा. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिनपासून पुढे इप्राट्रोपियम नावाचं औषध बनवलं गेलं, ते आजही दवाखान्यात वाफेच्या मशीनमधून देतात. पण म्हणून कुंपणावरचा धोतरा तोडायला जाऊ नका. त्याचं विष किती चढेल याचा नेम नाही, माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो.

दुसरा उपाय कडक कॉफीचा. हेन्री हाइड सॉल्टर हा लंडनचा डॉक्टर स्वतः दमेकरी. १८६० च्या आसपास त्यानं उपाशीपोटी कडक काळ्या कॉफीची शिफारस करून ठेवली. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट लहानपणी दम्यानं बेजार असत, तेव्हा त्यांना कॉफी तर पाजलीच, वर सिगारही ओढायला दिला! सिगार चूक, कॉफीत मात्र थोडं तथ्य होतं. कॅफिन हे थिओफायलिनचं सख्खं भावंड, आणि थिओफायलिन १८८८ मध्ये सापडलं ते चहाच्या पानात. आपल्या आजोबांच्या डबीतली डेरिफायलिनची गोळी याच घराण्यातली. कॉफीचा गुण इतका किरकोळ, की झटका आल्यावर चूल पेटवत बसणं म्हणजे वेळ दवडणं.

पंप, अत्तराच्या बाटलीचा वंशज

१९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी लेकीनं विचारलं, केसांवर मारायचा फवारा असतो, तसं माझं औषध का नाही मिळत? तोवर ती रबरी फुगा दाबून काचेच्या नळकांड्यातून औषध ओढायची. बापानं प्रश्न थेट कंपनीत नेला. अत्तराच्या कुप्या आणि त्यांच्या मोजून फवारा सोडणाऱ्या तोट्या घेऊन प्रयोग झाले आणि १९५६ च्या मार्चमध्ये पंप बाजारात आला. इतक्या झटपट काम करणारी कंपनी आणि इतकं नेमकं बोलणारी लेक, दोन्ही दुर्मिळच.

आपल्याकडे सिप्लानं १९७० च्या दशकात पंप बनवायला घेतला. तरी आजही चौकात ऐकू येतंच, 'पंप नको लावू बावा, सवय लागते.' या वाक्यानं जेवढं नुकसान केलंय, तेवढं थ्रेशरनंही केलं नसेल. हिशेब बघा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० फवारे! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे हिंडून मग छातीत पोचते. तोवर हात थरथरतात, काळीज धडधडतं. फवारा थेट श्वासनळीत उतरतो.

फक्त तो उतरवता आला पाहिजे. बहुतेक लोक पंप चुकीचा घेतात, हे जगभर पुन्हापुन्हा दिसलंय. तर एकदा नीट बघू. झाकण काढा, पंप हलवा. आधी छातीतली हवा सावकाश बाहेर सोडा, ही पायरी सगळे गाळतात. ओठ तोंडीवर गच्च लावा. श्वास आत ओढायला सुरुवात करा आणि मग बटण दाबा. दाबून ओढलं तर औषध टाळूवरच बसतं. सावकाश, खोल ओढत राहा. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा आणि पंप पुन्हा हलवा.

कॅप्सूल फोडून घ्यायच्या रोटाहेलरचं नेमकं उलटं. तिथं जोरात आणि एकदम ओढायचं, कारण भुकटी उडवायला दुसरी ताकदच नसते. पंप रोटाहेलरसारखा आणि रोटाहेलर पंपासारखा ओढणारे घराघरात आहेत. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दाबणं-ओढणं जुळत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर. प्लास्टिकचं ते नळकांडं दिसायला साधं, पण अर्धं काम तेच करतं. आणि स्टिरॉइडचा पंप घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरा धरतो.

गिनीपिग नाही, डॉक्टरच

रॉजर अल्टूनियन हा इंग्लंडमधला डॉक्टर. आर्थर रॅन्समच्या 'स्वॅलोज अँड अमेझॉन्स' या गाजलेल्या बालकादंबरीतला रॉजर ज्याच्यावरून बेतला, तोच मोठा झाल्यावरचा. याला दमा होता आणि गिनीपिगच्या केसांचं वावडं होतं. दम्याचं औषध शोधताना तो मुद्दाम गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगायचा, स्वतःला धाप लावून घ्यायचा आणि मग नवं संयुग आपल्यावरच आजमावायचा. वर्षानुवर्षं! त्यातून क्रोमोग्लायकेट हे औषध निघालं. ते घेण्याच्या यंत्रात त्यानं गरगरणारा पंखा बसवला, कारण युद्धात तो वैमानिक होता. प्राण्यांवर प्रयोग करणारे पुष्कळ. प्राण्याचे केस वापरून स्वतःवरच प्रयोग करणारा विरळाच.

मार्टिन राइट हेही असेच अवलिया. जोरात फुंकर मारून छातीची ताकद मोजायचा पीक फ्लो मीटर त्यांनी १९५० च्या दशकात बनवला, आणि तोंडात फुंकायला लावून दारू ओळखणाऱ्या यंत्राच्या जडणघडणीतही त्यांचा हात होता. २०१५ ते २०२१ दारूबंदीत काढलेल्या चंद्रपूर जिल्ह्याला दुसऱ्या यंत्राचीच ओळख जास्त. पण पहिलं घरी ठेवा. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहायचा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलात तर ठीक, त्याखाली सावध, ५० च्या खाली गेलात की वही ठेवून दवाखाना गाठा. झटका जाणवण्याआधी आकडा घसरायला लागतो, हीच त्याची खुबी.

कूलर सुरू करायचा मुहूर्त

मार्चअखेर वरोऱ्यात एक ठराविक दृश्य असतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, कुणीतरी कपड्यानं वरवर पुसतो, खिडकीत बसवतो आणि पाणी भरण्याआधी 'चालतो का ते पाहू' म्हणून बटण दाबतो. गेल्या वर्षीच्या वुडवूलच्या ताट्या, त्यात दहा महिन्यांची धूळ, वाळलेला क्षार, पावसाळ्यात धरलेली बुरशी, कोपऱ्यात झुरळांची वस्ती. पंखा फिरतो आणि हा सगळा ऐवज एका फटक्यात खोलीत. त्या रात्री घरातलं एखादं लेकरू खोकायला लागलं की दोष बर्फगोळ्याला!

ताट्या दरवर्षी नव्या घाला. त्या फार महाग नसतात. टाकी घासून धुवा, पाणी बदलत राहा, आणि पहिला तासभर कूलर चालेल तेव्हा दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवा.

गादीतले डोळ्यांना न दिसणारे कीटक आणि त्यांची विष्ठा हे दम्याचं जगभरातलं मोठं कारण. त्यांना ओलावा लागतो, कोरडं ऊन सोसत नाही. थंड देशांत त्यासाठी खास खोळी विकत घेतात. आपल्याकडे मे महिन्याचं ४६ अंशांचं ऊन गच्चीवर फुकट पडलेलं असतं. गाद्या-उशा टाका. फक्त झटकायचं काम दमेकऱ्यानं करायचं नाही.

धुराचं गणित

पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत घाण कोण निघावं? लवंगी माळ नव्हे, अनार नव्हे. ती इवलीशी, आवाज न करणारी सापाची गोळी! हवेतल्या घनमीटरमागे पीएम २.५ कण तब्बल ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजारच्या लडीचे ३८,५४०, अनाराचे ४,८६०. आणि ही गोळी पेटवतं कोण, तर मोठे फटाके फोडू न दिलेलं सर्वांत लहान पोर, वर ओणवं होऊन.

मच्छर अगरबत्तीचंही तेच. एक कॉइल बंद खोलीत जळली की पीएम २.५ च्या हिशेबानं ७५ ते १३७ सिगारेटी ओढल्यासारखं. आपल्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे, डासांशी तडजोड करा असं कोण म्हणेल? पण मच्छरदाणीला धूर येत नाही.

चुलीत पऱ्हाट्या, मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला झाडाखाली पेटवलेला पालापाचोळा, बिडी, आणि वर कोळसा. वरोऱ्याची इंग्रजांनी काढलेली खाण १९०६ मध्येच बंद झाली, पण माजरी-चंद्रपूरचा काळा पट्टा जागा आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ घेऊन चौथं आलं. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे नापास. हवा बदलणं एकट्यादुकट्याच्या हातात नाही. स्वयंपाकघरातला धूर आणि खिशातली बिडी मात्र आहे.

मासा आणि खीर

मृग लागला की हैदराबादेत बथिनी कुटुंब जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते दमेकऱ्याला गिळायला लावतं. शाकाहारींना गुळातून. वरोऱ्याहून बल्लारशा-काझीपेटमार्गे दक्षिणेची गाडी धरली की झालं, त्यामुळं आपल्याकडूनही माणसं जातात. औषधाचं सूत्र गुप्त आहे आणि गुण येतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. कोजागिरीच्या चांदण्यात खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधाचीही तीच कथा. नेमक्या या दोन्ही वेळा ऋतू बदलण्याच्या, म्हणजे दमा उसळण्याच्या. तो पुढं आपोआप थोडा उतरतो आणि श्रेय मासा घेऊन जातो. श्रद्धेनं जायचं तर जा, पण पंप खिशात ठेवून जा आणि परत आल्यावर तो बंद करू नका.

पोहायला जा

मार्क स्पिट्झ. १९७२, म्युनिक ऑलिंपिक, जलतरणात सात सुवर्णपदकं. दमेकरी. पॉला रॅडक्लिफ. २००३ मध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन. दमेकरी. तेव्हा शाळेतल्या पोराला दमा आहे म्हणून पीटीच्या तासाला झाडाखाली बसवणारे गुरुजी हो, त्याला पळू द्या. आधी थोडं अंग गरम करू द्या, पंप दप्तरात असू द्या.

दोन पंप, दोन कामं

२०१९ च्या अंदाजानुसार भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के आपले, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के आपले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चटपटीतपणा जरा ओसरतो. एक मोठं कारण म्हणजे सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप रोज घेतलाच जात नाही. साल्ब्युटामॉलचा निळा पंप मारला की काही मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणून लोक त्याच्यावरच भागवतात. तो नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. २०१९ मध्ये 'जिना' या जागतिक संस्थेनं तर स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा निभावू नये, सोबत स्टिरॉइड हवंच. ओढायच्या औषधातला स्टिरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरून तो बंद करणारे मग झटका आल्यावर दवाखान्यात स्टिरॉइडच कितीतरी मोठ्या डोसात शिरेतून घेतात.

एक बारीक गोष्ट. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन आणि तशाच अंगदुखीच्या गोळ्यांनी झटका येतो. किराणा दुकानातून गोळी घेण्याआधी विचारा.

आणि झटका मोठा आहे हे ओळखायचं कसं? गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी एक साधं यंत्र केलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. बाळानं दहा श्वास घेतले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की उपचार. लिहिता-वाचता न येणारी बाईही ते बिनचूक करायची. दम्याला मणी लागत नाहीत, पण डोळे लागतात. माणूस एक वाक्य पूर्ण बोलू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर पडतायत, पंप मारूनही फरक नाही, तर त्याला आडवं करू नका. पुढं झुकवून बसवा, पंप देत राहा आणि १०८ ला फोन लावा.

आज एवढंच करा. घरातला पंप काढा, मागची तारीख वाचा, फवारे किती उरलेत ते बघा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना तो सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा.